छेदातलं नाव

दर पाच वर्षांनी कॉलेजला स्वतःबद्दल शंका येते. एरवी येत नाही. पण पाचव्या वर्षी वरून पत्र येतं, की प्रत्येक विभागाने आपण जे शिकवतो ते का शिकवतो आणि शिकून बाहेर पडलेल्यांचं पुढे काय होतं, हे पुराव्यासह कळवावं. या प्रकाराला कागदोपत्री 'शैक्षणिक कार्यक्रमांचे नियतकालिक पुनरावलोकन' म्हणतात. राजारामपुरीतल्या त्या कॉलेजात एवढा दम कोणाकडे नव्हता, म्हणून सगळे त्याला 'रिव्ह्यू' म्हणत.

रिव्ह्यूची तयारी ठरलेली असे. प्रत्येक विभागात दारासमोरची भिंत रंगवायची. बाकीच्या तीन भिंतींकडे कमिटी बघत नाही, हा अनुभव होता. शेवंतीच्या कुंड्या एकूण चोवीस. कमिटी पुढच्या जिन्याने चढायची आणि कुंड्या मागच्या जिन्याने, तिच्या आधी. मागच्या खेपेला कमिटीतल्या एका बाईंनी "तुमच्याकडे सगळीकडे शेवंतीच कशी?" असं विचारलं होतं, आणि अहवालात ते 'महाविद्यालयाची एकसूत्री दृष्टी' म्हणून कौतुकाने छापून आलं होतं.

संख्याशास्त्र विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. कुंड्या तिथवर पोचेपर्यंत शिपाई दमायचे. दारावर विभागाच्या ध्येयाचा बोर्ड होता, 'विद्यार्थ्यांत निसर्गप्रेम रुजवणे.' तो वनस्पतिशास्त्राच्या फाईलवरून उतरवताना चुकून तसाच आला होता. पाच वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि ज्यांच्या आलं ते गप्प बसले, कारण बोर्ड बदलायचा तर ठराव लागतो.

विभागात माणसं दोन. प्रमुख जिनपाल खोत सर; साठीला सात महिने कमी, म्हणजे निवृत्तीलाही सात महिने कमी. आणि दीपा शेटे मॅडम. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर माणूस, नाही घेतला तर नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत दीपा मॅडम कॉलेजच्या लेखी अस्तित्वातच नसत. जूनमध्ये अर्ज करून पुन्हा जन्माला येत. असे अकरा जन्म झाल्यावर यंदा विभागाला एक कायम पद मंजूर झालं होतं. ते कोणाला मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. अट एकच, विभाग रिव्ह्यूत पास झाला पाहिजे. नापास झाला तर प्रवेश बंद, पद रद्द, आणि त्या जागी डेटा सायन्स सुरू.

"डेटा सायन्समध्ये काय शिकवतात?" खोत सरांनी रिव्ह्यूचे समन्वयक उदयसिंह इंगवले यांना विचारलं होतं.

"तुमचंच सर. फी जास्त."

यंदाच्या रिव्ह्यूत नवीन नियम होता. चार वर्षांपूर्वी पास होऊन बाहेर पडलेल्या तुकडीपैकी किमान साठ टक्के विद्यार्थी 'प्रगतीवर' असले पाहिजेत. प्रगतीला रकाने तीन. पुढचं शिक्षण, नोकरी, स्वतःचा व्यवसाय. यात बसला तो पुढे गेला, नाही बसला तो गेला नाही. आणि बसलेल्या प्रत्येकाचा कागद जोडायचा.

ती तुकडी सोळा जणांची होती. डिसेंबरातल्या एका सकाळी दोघं फोन लावायला बसले.

मोना पुण्यात बँकेत होती. "सर, ओळखपत्राचा फोटो टाकते. पण स्टँडर्ड डेव्हिएशन विचारायचं नाही हं!" असं म्हणून तिनं सरांना काही विचारायच्या आत फोन ठेवला. अनेकांत शिरोळकडे गावी होता.

"काय करतोस रे?"

"म्हशी हायत सर. अठरा. सरासरी फॅट साडेसहा."

"व्यवसायाचा काही कागद?"

"म्हशींचा विमा हाय. चालंल?"

चालला. धैर्यशील मात्र शिवाजी पेठेतला. तो तालमीच्या फुटबॉल संघातून हाफला खेळत होता.

"नोकरी लिहू का तुझी?"

"नोकरी कुठली सर, सीझन चालू हाय."

"मग व्यवसाय लिहितो."

"सर, पेठेत फुटबॉलला धंदा म्हणालात तर तालमीसमोरनं जाऊ द्यायची न्हाईत तुमाला."

धैर्यशीलला कुठलाच रकाना नव्हता. राजनंदिनीलाही नव्हता. ती गडहिंग्लजला सासरी होती, दोन वर्षांचं मूल होतं. "सर, सासूबाईंच्या शुगरचा तक्ता ठेवते मी. दोन वर्षांचा आहे. आलेख काढून डॉक्टरांना दाखवला तर ते म्हणाले, हे कोणी केलं? ते कशात बसतं?"

"कशातच नाही गं."

"मला वाटलंच," ती हसून म्हणाली, आणि त्या हसण्यानंतर खोत सरांनी थोडा वेळ फोन हातातच धरला.

आणखी एक मुलगी लग्न होऊन घरी होती. तिघं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते. अभ्यास करणं ही प्रगती धरली जात नव्हती. बाकीचे जागेवर लागले होते. दीपा मॅडमनी खुणा मोजल्या. नऊ.

सोळावा फोन लावायचा नव्हता. यादीत सोळाव्या क्रमांकावर आदर्श आकाराम देसाई, गारगोटी, असं होतं. एकवीस सालच्या जुलैत, शेवटच्या वर्षाची ऑनलाइन परीक्षा संपल्या संपल्या, तो कोरोनानं गेला होता. दोघांनीही ते नाव मोठ्यानं वाचलं नाही.

दुपारी इंगवले सर आले. "किती झालं?"

"सोळात नऊ."

त्यांनी मोबाइलवर गणित काढलं, तोवर खोत सर म्हणाले, "छप्पन पूर्णांक पंचवीस."

"एकच कमी की हो! नवाचं दहा करा."

"कागद लागतो."

"मग सोळाचं पंधरा करा. त्याला कागद लागत न्हाय." इंगवले भौतिकशास्त्राचे असले तरी त्यांना सत्याचा हा भाग चांगला कळत होता. वर अंश, खाली छेद. वर चढवायचा तर माणसाला पुरावा लागतो. खालून एखादा वजा झाला तर कोणी हाक मारून बघत नाही. "ह्यो सोळावा बघा. पोरगं वारलं न्हवं? मेलेल्याला कसलं मोजताय सर?"

खोत सरांना ते पटलं. खरंच, त्याला का मोजायचं? त्यांनी नियमपुस्तिका उघडली. दोनशे बारा पानं. त्यात मृत्यूचा उल्लेख एकदाच होता, तोही आवारातल्या झाडांच्या संदर्भात. शेवटी त्यांनी वर फोन लावला. तिथल्या माणसानं सांगितलं, की छेदात 'उत्तीर्ण झालेले सर्व' येतात; नंतर कोण राहिलं, कोण गेलं, ते आम्ही बघत नाही.

"सोपं झालं," इंगवले म्हणाले. "उत्तीर्णांतनं काढा. शेवटच्या पेपराला गैरहजर लिवा. तसं खोटं बी न्हवं, गैरहजरच हाय की त्यो."

"म्हणजे नापास करायचा."

"सर, त्याला आता पास काय आन् नापास काय? हितं जित्या माणसाचं बघा." हे बोलताना त्यांनी दीपा मॅडमकडे बघितलं नाही. तेवढी सभ्यता त्यांच्यात होती.

ते गेल्यावर दीपा मॅडम उठल्या आणि त्यांनी कपाट उघडून निकालांच्या फाईलमागे हात घालून एक पाकीट काढलं. त्या वर्षीच्या सोळा गुणपत्रिका सप्टेंबरात कॉलेजात आल्या होत्या. पंधरा पोरं येऊन घेऊन गेली. सोळावी तिथेच होती. पाकिटावर खोत सरांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'विद्यार्थ्याने स्वतः येऊन सही करून न्यावी.'

आदर्श गेल्याचं कॉलेजला ठाऊक होतं. त्याची शोकसभाही झाली होती, मोबाइलवर, त्रेचाळीस माणसं आवाज बंद करून बसलेली. पण नियम असा होता, की गुणपत्रिका ज्याची त्यालाच द्यायची. नियम मोडायला कोणाचा विरोध नव्हता. तो मोडता येतो हेच कोणाला सुचलं नाही. अशी ती गुणपत्रिका चार वर्षं कपाटात आदर्शची वाट बघत राहिली.

एकाहत्तर टक्के. प्रथम वर्ग.

"सर," दीपा मॅडम म्हणाल्या, "तो एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरणार होता. मला विचारलं होतं त्यानं. भरला असेल, निवड झाली असेल, पत्र घरी गेलं असेल... तर ते पुढचं शिक्षणच झालं ना?"

"झालं."

"मग दहा होतात. खरेखुरे."

गेलेल्या मुलाची प्रगती शोधायला निघायचं होतं. त्यात लाज वाटण्यासारखं बरंच होतं आणि आशाही बरीच होती, आणि दोन्ही एकाच खुर्चीत बसवायची तर माणसाला जरा सरकून बसावं लागतं.

शनिवारी सरांच्या गाडीतून दोघं निघाले. कारखाने सुरू होते. उसाच्या ट्रॉल्यांमागनं गाडी रांगत होती. दीपा मॅडमच्या मांडीवरच्या पिशवीत पाकीट होतं आणि सहीचं रजिस्टर होतं.

"सर, मला कसंतरीच होतंय."

"मलाही."

"परत फिरायचं?"

सरांनी पुढची ट्रॉली ओलांडली. "नको," ते म्हणाले.

गारगोटीच्या बाजारात आकाराम देसायांची पिठाची गिरण कोणीही दाखवली असती. पट्ट्याचा आवाज लांबनं येत होता. आत गेले तर आकाराम पापण्यांपर्यंत पांढरा. सरांनी ओरडून नाव सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही, मग गेलं. त्यानं खटका ओढून गिरण बंद केली.

"अरं आकाराम, माझं जोंधळं निम्म्यात हाय न्हवं!" डबा घेऊन बसलेली म्हातारी बयाबाई करवादली. "कोण पावणं म्हणायचं हे, गिरण बंद पाडणारं?"

"थांब जरा मावशे. पोराचं सर आल्यात."

बयाबाईनं पदर सारखा केला.

घर गिरणीच्या मागंच होतं. आदर्शची आई, बाळाबाई, पाणी घेऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आकाराम खाली बसला. कपडे पिठाचे होते म्हणून खुर्चीवर बसेना. खोत सरांनी वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी एका दमात म्हणून टाकली. कॉलेजचं एक काम आहे. एमएस्सीचं काही पत्र, काही मेसेज आला होता का. आदर्श फॉर्म भरणार होता.

"न्हाई सर," आकाराम म्हणाला. "भरलाच न्हाई. नापास झाल्याला कोण घेतंय फुडं?"

दीपा मॅडमनी सरांकडे बघितलं.

"कोण नापास झालं?" सरांनी विचारलं.

"आदर्श. शेवटच्या पेपराला." आकाराम हाताची बोटं एकमेकांवर घासत होता, पीठ खाली पडत होतं. "अंगात ताप. घरात रेंज न्हाई म्हणून मोबाइल घिऊन पत्र्यावर चढला. वेळ सपली आन् खाली आला. म्हणला, आबा, पेपर गेलाच न्हाई, गोल फिरतच ऱ्हायलं. बुडालं वरीस." तो थांबला. "मी बोललो त्याला."

"जाऊ द्या आता," बाळाबाई भिंतीजवळून म्हणाली.

"न्हाई, बोललोच की. तीन वर्सं कोल्लापुरात ठिवला, रेंज कुठं मिळती एवढी अक्कल आली न्हाई? असं बोललो. त्यो जेवला न्हाई रातच्याला. दुसऱ्या दिशी धाप लागली. दवाखान्यात आत नेलं, आमाला भाईरच ठिवलं. अकरा दिस. त्येच्यानंतर बोलणं न्हाई झालं."

बाहेर गिरणीत कोणीतरी डबा सरकवला. खोत सरांनी हात पुढं केला आणि दीपा मॅडमनी त्यात पाकीट ठेवलं.

"आकारामराव, पेपर गेला होता."

"आँ?"

"पोचला होता. पन्नासात एकेचाळीस आहेत त्या पेपरला. पास झाला तो. एकाहत्तर टक्के. फर्स्ट क्लास."

आकारामनं हात पुढं केले आणि मागं घेतले. ते पिठाचे होते. त्यानं ते पँटला पुसले. पँटही पिठाची होती. तोवर बाळाबाई भिंत सोडून पुढं आली आणि तिनं गुणपत्रिका घेतली. तिला वाचता येत होतं, पण एवढं नाही. "ह्यात त्येचं नाव कंचं?" तिनं दीपा मॅडमना विचारलं. त्यांनी दाखवलं. बाळाबाईनं त्या नावावर बोट ठेवलं आणि ते तिथंच ठेवून उभी राहिली.

"पास," आकाराम म्हणाला. मग पुन्हा एकदा म्हणाला. मग सरळ सरांकडे बघून त्यानं विचारलं, "कवा कळलं हे?"

"सप्टेंबरात."

"आवंदाच्या?"

"नाही. त्याच वर्षीच्या."

आकाराम मनातल्या मनात वर्षं मोजताना दिसला. बेरीज सोपी होती, तरी त्यानं दोनदा केली. "चार वर्सं," तो म्हणाला. "आन् तुमी..."

खोत सर वाट बघत राहिले. त्यांना वाटत होतं, याने आता शिव्या घालाव्यात. गारगोटीच्या बाजाराला ऐकू जातील अशा. त्या ऐकून घ्यायची त्यांची पूर्ण तयारी होती. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"च्या घ्या सर," आकाराम म्हणाला. "निवतुय."

रजिस्टर पिशवीतच राहिलं. दोघांपैकी कोणीही ते बाहेर काढलं नाही. निघाले तेव्हा गिरण बंदच होती आणि बयाबाई आपलं निम्मं दळण डोक्यावर घेऊन, कोणाला काही न विचारता, घरी गेलेली होती.

येताना सूर्य बुडाला. खोत सर दिवस मावळल्यावर जेवत नाहीत हे ठाऊक असल्यामुळे दीपा मॅडमनी वाटेत दोनदा, "सर, थांबून काही खाऊन घ्या," असं म्हटलं. ते थांबले नाहीत. कोल्हापुरात शिरताना त्या म्हणाल्या, "तक्ता सोमवारी द्यायचाय."

"हो."

सोमवारी सकाळी खोत सरांनी कोरा तक्ता दीपा मॅडमच्या टेबलावर ठेवला. "तुम्हीच भरा मॅडम. तुमचं अक्षर चांगलं आहे."

दीपा मॅडमचं अक्षर विभागात बदनाम होतं. फळ्यावर त्यांनी सरासरी लिहिली की पोरं तिला सासरी वाचत. सर खाली कँटीनमध्ये जाऊन बसले. एक चहा, मग दुसरा. बत्तीस वर्षं त्यांनी वर्गात सांगितलं होतं, की एखादा आकडा गैरसोयीचा आहे म्हणून तो काढून टाकायचा नसतो. पण ते दुसऱ्यांच्या आकड्यांबद्दल होतं. आता त्यांच्या मनात एक चित्र तयार होतं. वर जायचं, तक्त्यावर पंधरा लिहिलेलं असेल, आपण चष्मा नीट न लावता सही करायची. मॅडमना काही वाटू नये म्हणून म्हणायचं एक वाक्यही त्यांनी तयार ठेवलं होतं. 'परिस्थितीच तशी होती,' असं काहीतरी.

ते वर आले. तक्ता भरलेला होता. छेदात सोळा. सोळावी ओळ अशी, 'आदर्श आकाराम देसाई, उत्तीर्ण, प्रथम वर्ग.' तिन्ही रकाने रिकामे, आणि शेजारच्या समासात त्या बदनाम अक्षरात, 'मृत.'

"मॅडम," सर म्हणाले, "अहो, पद..."

"माहीत आहे मला पद."

"मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते कळलं मला, सर. म्हणून तर खाली जाऊन बसलात." त्यांचा आवाज चढला नाही. "दोनदा पंधरा लिहिलं मी. बघा, सोळाच्या खाली व्हाइटनर आहे."

सरांनी बोट फिरवून बघितलं. कागद तिथं जाड लागत होता.

"मग?"

"मग काय. सही करा."

तयार ठेवलेल्या वाक्याचा काही उपयोग नव्हता. त्यांनी चष्मा नीट लावून सही केली. इंगवल्यांनी तक्ता बघून कपाळाला हात लावला, "जितंपणी कोण एवढं बघत न्हाय सर!" असं म्हणाले, आणि तरी तो पुढं पाठवला.

कमिटी जानेवारीत आली. तीन माणसं, चोवीस कुंड्या. अध्यक्षांनी तक्त्यावरून पेन्सिल फिरवत आणली आणि खाली थांबवली. "हे समासात काय लिहिलंय? मृत?"

"वारला तो विद्यार्थी, सर," खोत सर म्हणाले.

"ते समजलं. पण त्यावर विभागानं उपाययोजना काय केली?"

खोत सरांनी तक्ता आपल्याकडे वळवून ती ओळ पुन्हा वाचली. इंगवले मदतीला धावले. "शोकसभा घेतली होती सर. फोटो जोडलेत."

"फोटोवर ठिकाण आणि वेळ दिसत नाही."

"ऑनलाइन होती, सर."

"पुढच्या वेळी लक्षात ठेवा," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना त्या दिवशी अजून चार विभाग बघायचे होते.

मार्चमध्ये अहवाल आला. संख्याशास्त्र विभागाबद्दल त्यात दोन वाक्यं होती. पहिल्यात विभागाचं निसर्गप्रेमाचं ध्येय कालसुसंगत असल्याची नोंद होती. दुसऱ्यात प्रगतीची अट पूर्ण न झाल्याने येत्या वर्षापासून प्रवेश थांबवण्याची शिफारस होती. पद रद्द झालं.

दीपा मॅडमनी बाराव्या जन्मासाठी अर्ज केला नाही. राजारामपुरीतच, सातव्या गल्लीत, एका क्लासमध्ये त्या दोन आगगाड्या एकमेकींना किती वाजता भेटतात हे शिकवायला लागल्या. खोत सर एकदा संध्याकाळी तिथून चालले होते. वरच्या खिडकीतून मॅडमनी हात केला, नेहमीसारखा, त्यात काहीही नव्हतं. सरांनीही केला. मग ते चालत राहिले, आणि आपलं घर दोन गल्ल्या मागं राहिलं हे त्यांना बऱ्याच वेळानं कळलं.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. सरांचे शेवटचे पंधरा-वीस दिवस उरले होते. आता विभागात काम नव्हतं, म्हणून ते कपाटं रिकामी करत होते. दारात कोणीतरी चपला काढल्याचा आवाज आला.

आकाराम होता. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. तरी कानाच्या पाळीमागं थोडं पीठ राहिलंच होतं. त्याच्यामागं एक मुलगी, हातात प्लॅस्टिकची फाईल.

"सर, ही धाकटी, तेजस्वी. तुमी आलता तवा कॉलेजला गेलती. बारावीला गणितात ब्याण्णव हाईत." त्यानं मुलीला पुढं केलं. "हिला तुमच्याच डिपारमेंटला घालायची. तिची आई म्हणली, दादा शिकला तितंच जाऊ दे."

सरांनी त्यांना बसायला सांगितलं. मग सांगितलं, की विभाग बंद झालाय. यंदापासून प्रवेश नाहीत.

"बंद?" आकारामनं रिकाम्या कपाटांकडं बघितलं. "असं कसं बंद? एकलीच घ्या की सर हिला. बसंल एकटी, तिला काय सवय न्हाय व्हय."

"तसं करता येत नाही."

"कशानं बंद झालं पर?"

खोत सरांनी उत्तर शोधलं. अहवालातलं वाक्य त्यांना पाठ होतं. ते म्हणता आलं असतं. "पोरं कमी पडली," ते म्हणाले. "शिकून पुढं गेलेली दहा दाखवायची होती."

"किती कमी पडली?"

"एक."

"एकच?" आकारामला ते पटेना. "एका पोरापायी आक्खं डिपारमेंट? कंच्या सालातली मोजली?"

"एकवीसच्या."

"म्हंजे आमच्या आदर्शच्याच वर्गातली."

"हो."

आकारामनं बोटांवर काहीतरी मोजलं. खिडकीतून खालच्या फॉर्मच्या रांगेचा गलका वर येत होता. मग त्याला हिशेब लागला असावा, कारण तो खुर्चीत जरा पुढं सरकला आणि हळूच विचारावं तसं म्हणाला, "सर, त्यो असता तर? फुडं शिकला असता की त्यो. मग भरली असती न्हवं दहा?"

"व्हय," खोत सर म्हणाले. "भरली असती."

आकारामनं मुलीकडं मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

"बघ," तो तिला म्हणाला.